खालाच्या कोनाड्यातलं प्रस्थान

मी अमेरिकेला रवाना झाल्याची बातमी आमच्याच दैनिकात छापून आली, तेव्हा मी औरंगाबादेत गुलमंडीजवळ रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभी होते. बातमी छोटी होती, आतल्या पानावर होती आणि तिच्यातला एकच शब्द चुकलेला होता, तो म्हणजे ‘रवाना’. मी त्या दैनिकात उपसंपादक होते. रोज दुसऱ्यांच्या बातम्यांतली नावं, गावं आणि क्रियापदं तपासणं हे माझं काम. ती बातमी मात्र शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं मला न दाखवता दिली होती, कौतुक म्हणून. रांगेतल्या एका बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तू तर गेलीस ना गं?” मी नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “पेपरात तर आलंय,” आणि माझ्यापेक्षा पेपरवर विश्वास ठेवून पुढे सरकल्या. दुरुस्ती छापा, असं मी संपादकांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “शालिनीबाई, दुरुस्ती कशाला? तुम्ही निघा. बातमी आपोआप खरी होईल.”

निघणं माझ्या हातात असतं तर मी केव्हाच निघाले असते. पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मला तिथे प्रवेश मिळाला होता आणि सत्र सुरू होण्याआधी हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला देऊ, असं विद्यापीठानं स्पष्ट कळवलं होतं. व्हिसासाठी मुंबईला एक खेप झाली होती आणि मी हात हलवत परत आले होते. वकिलातीचा दोष नव्हता. शिकून परत येण्याची हमी म्हणून आमच्या पिशोरच्या जमिनीचा कागद जोडायचा राहिला होता, आणि तो राहिला होता कारण काकांनी तो दिला नव्हता. आम्ही मागायला गेलो तेव्हा काका बैलाच्या शिंगांना रंग लावत बसले होते. “कागद देतो की,” ते म्हणाले, “पण मला येक सांग, बातम्या लिहायला शिकायला येवढ्या लांब जायचं? हितं काय कमी बातम्या हायत?” अण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्या भावापुढे कधी बोलायचे नाहीत. ते रंगाचा डबा धरून उभे राहिले. कागद मिळाला तो पहिली खेप वाया गेल्यानंतर. मग दुसरी तारीख मिळाली. ही हुकली तर पुढची मिळेपर्यंत सत्र सुरू झालेलं असणार, हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. आईला दोनदा सांगितलं होतं.

त्या दिवसांतलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्या मधोमध माझी लोखंडी ट्रंक. तिला ठेचकाळल्याशिवाय कुणालाही पाणी प्यायला जाता येत नसे. अण्णा जिल्हा परिषदेतून आले की आधी ट्रंकेवर टोपी ठेवायचे, मग पायताण काढायचे. आई रोज काहीतरी भाजत असे. येसरासाठी बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने. वेगवेगळं भाजायचं, एकत्र दळून आणायचं, आणि दळून आणल्यावर डाळ कमी भाजली गेली असं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. “तिथं गेल्यावर पाण्यात कालवलं की आमटी,” ती सांगायची. भिंतीपलीकडून आमच्या शेजारणीच्या, खालाच्या, शिलाई मशीनचा आवाज यायचा. तो थांबला की नमाजाची वेळ झाली असं आई समजायची आणि चुलीवर भात चढवायची. घड्याळाकडे आमच्याकडे फक्त अण्णा बघत. नातेवाइकांची निरोपाची जेवणं पहिल्या खेपेआधीच उरकली होती. श्रीखंड, पुरणपोळी, साडीचोळी सगळं झालं होतं. मी परत आल्यावर त्यांची पंचाईत झाली. पुन्हा जेवायला बोलावता येईना, आणि रस्त्यात भेटले की काय बोलावं तेही कळेना. एक मावशी तर मला पाहून दुकानात शिरल्या. ते सायकलच्या पंक्चरचं दुकान होतं.

प्रस्थान ठेवणं ही रीत आता फार कुणाला माहीत नसावी. प्रवासाचा चांगला मुहूर्त एका दिवशी असतो आणि प्रत्यक्ष निघायचं दुसऱ्या दिवशी, तेव्हा मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. ठेवलेली वस्तू घरात परत आणायची नाही; निघताना तिथूनच उचलायची आणि पुढे जायचं. पहिल्या खेपेला आईनं अण्णांना विचारलं होतं, “अमेरिका कोणत्या दिशेला हाय?” अण्णांनी थोडा विचार करून सांगितलं की विमान मुंबईहून पश्चिमेला जातं. आमच्या पूर्वेला एका भिक्षुकाचं घर होतं, त्यांना हा मान आपला वाटत होता आणि पुढे कित्येक महिने त्यांनी आमच्याकडून विरजण नेलं नाही. पश्चिमेला खाला राहायची. मुमताज तिचं नाव, पण गल्लीत लहानथोर सगळे खालाच म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी अजिंठ्याला दिलेली. आई आणि खाला यांचं रोज बोलणं असे; आई मराठीत आणि खाला तिच्या दखनीत, आणि दोघींना एकमेकींची भाषा बोलायची कधी गरज पडली नाही. आई खालाच्या घरी चहापलीकडे काही घ्यायची नाही. खालानंही कधी आग्रह केला नाही. त्या घरात, भिंतीतल्या एका कोनाड्यात, आईनं हातरुमालात सुपारी, हळकुंड आणि तांदूळ बांधून माझं प्रस्थान ठेवलं. मी मुंबईहून रिकामी परत आले तेव्हा आईनं त्याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. “सुपारी गेली, तू राहिलीस,” ती म्हणाली. “सुपारीला कुठं शिकायचंय? खरं सामान ठेवाया पायजे होतं.”

हे वाक्य मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. बातमीदारीत याला चूकच म्हणतात.

वकिलातीच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी मी ट्रंकेतून कागद काढायला बसले. संध्याकाळच्या एसटीनं मुंबईला निघायचं होतं. प्रवेशाचं पत्र होतं, गुणपत्रिका होत्या, काकांचा कागद होता. पासपोर्ट नव्हता. मी ट्रंक जमिनीवर उपडी केली. आई दारात बसून गवार मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

“काय हुडकतीस?”

“पासपोर्ट.”

“तो प्रस्थानात हाय.”

मी ट्रंक सरळ केली. मग मी विचारलं, “तुला कुणी सांगितलं तो ठेवायला?”

“तूच म्हणली व्हतीस की सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. रविवारी मुहूर्त व्हता, ठिवला.”

“आई, उद्या तोच लागतो. त्याच्यावरच शिक्का मारतात.”

“तो तर इमानात लागतो ना?” आईनं आता गवार खाली ठेवली. “उद्या कुठंय इमान?”

खालाच्या दाराला कुलूप होतं. आदल्या दिवशी दुपारी अजिंठ्याहून निरोप आला होता, मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, आणि खाला मिळेल त्या गाडीनं गेली होती. किल्ली आईकडे देऊन गेली होती. हे ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. अण्णांनी कुलूप उघडलं. मशीनवर कापड घातलेलं होतं, गादीची घडी नीट होती आणि कोनाडा रिकामा होता. अण्णांनी गादी उचलून पाहिली, मी पिठाचे डबे उघडले. आई दारात उभी राहून आमची शोधाशोध बघत होती. मग शांतपणे म्हणाली, “संगं नेला असंल तिनं.”

“अजिंठ्याला?”

“अमानत हाय. रिकाम्या घरात कशी ठिवंल?” तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. उलट आपण योग्य माणसाची निवड केली होती, असं समाधान होतं. मग तिला दुसरा विचार सुचला. “अजिंठा म्हणजे कोणती दिशा येती?”

“ईशान्य,” अण्णा म्हणाले. त्यांनी हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

“ईशान्य बरी,” आई म्हणाली. “देवाची दिशा.”

आम्ही निघताना तिनं मला दारातच अडवलं. पासपोर्ट घेऊन या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं तिनं सांगितलं. मागच्या वेळी तू परत आलीस म्हणून काम झालं नाही. आता मुंबईहून परत यायचं नाही, तिथूनच पुढं जायचं, असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं की व्हिसा मिळाला तरी विमानाला आठवडाभर अवकाश आहे, मी मुंबईहून परत येईन, नीट निरोप घेऊन जाईन. “निरोप काय, घेतलाय सगळ्यांनी,” आई म्हणाली. मी पायऱ्या उतरले. संध्याकाळी येते, तेव्हा बोलू, एवढं रागानं म्हणाले. खाल्लंही नव्हतं.

अजिंठ्याची गाडी फुलंब्रीला थांबली, सिल्लोडला थांबली आणि मधे जिथं कुणी हात केला तिथंही थांबली. पाऊस होऊन गेला होता, दोन्हीकडे कपाशी गुडघ्याला आलेली होती, आणि मला त्या हिरव्या रानाचा राग येत होता. सिल्लोडला चालक चहाला उतरला तो बऱ्याच वेळानं आला. अण्णा म्हणाले, “येईल. गाडी सोडून कुठं जाईल?” अजिंठ्याच्या स्टॅंडवर लेणी बघायला निघालेल्या अमेरिकन लोकांची एक गाडी पाणी घ्यायला थांबली होती. एका उंच, उन्हानं लाल झालेल्या माणसाच्या कमरेला चामड्याची चपटी पिशवी होती, तीत त्याचा पासपोर्ट असणार. ज्यांच्या देशात मला जायचं होतं ते आमच्या जिल्ह्यात व्यवस्थित येऊन पोचले होते.

खालाच्या मुलीचं घर बाजारामागे होतं. अंगणात शेकोटी धुमसत होती, बाळंतशेपाचा वास येत होता आणि आत एक बारीक, चिडका आवाज रडत होता. मुलगा झाला होता. खालानं आम्हाला पाहिलं आणि तिला वाटलं आम्ही बाळ बघायलाच आलो. “हौ, शालू की अम्मा ने भेजा ना? मैं बोली थी, उनकू रहा नै जाता.” अण्णांनी बाळाच्या हातावर नाणं ठेवलं. पासपोर्ट खालाच्या कमरेलाच होता, कापडी बटव्यात, रुमालाच्या गाठीसकट. रात्रभर सुइणीला मदत करताना तो तिथंच होता, हे तिनं अभिमानानं सांगितलं. मी हात पुढे केला.

“नक्को बेटा,” खाला म्हणाली.

“माझाच आहे तो, खाला.”

“तेरा होगा. पन दिया कौन? तेरी माँ ने. बोली, मैं माँगे बगैर किसीकू नक्को देना, शालू माँगी तो बी.” ती हसत नव्हती. “तेरी माँ मेरेकू पहचान के दी है. मैं उसकूच देती.”

मी तिला सगळं सांगितलं. तारीख, वकिलात, सत्र, जागा. आवाज चढला तसा आतून बाळाच्या दुसऱ्या आजीनं पडदा सारून पाहिलं. खाला ऐकत राहिली. सगळं पटलं असावं, कारण ती मधे मधे मान हलवत होती. पण बटव्यावरचा हात निघाला नाही. शेवटी ती अण्णांकडे वळली. “भाईसाब, आप ले जाओ. पन हात में अम्मा केच देना. बीच में इसकू नक्को. जुबान दो.”

अण्णांनी शब्द दिला.

मला वाटलं, ही वेळ निभावण्याची युक्ती आहे. गाडी अजिंठ्याबाहेर पडल्यावर मी म्हणाले, “द्या आता.” अण्णा खिडकीकडे बघत होते. बटवा त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता.

“शब्द दिलाय,” ते म्हणाले.

“अण्णा, खाला इथं नाही. कुणाला कळणार आहे?”

“मला.” मग म्हणाले, “तुला भूक लागली असंल. सिल्लोडला भजी खाऊ.” मोठ्या भावापुढे, साहेबांपुढे आणि आईपुढे आयुष्यभर गप्प राहिलेला हा माणूस नेमका त्या दिवशी आणि नेमका माझ्यापुढे ठाम झाला. मी सिल्लोडची भजी खाल्ली नाहीत. त्यांनी खाल्ली.

गल्लीत पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मुंबईच्या गाडीला थोडाच वेळ होता. आमच्या घराला कुलूप होतं. आमच्या घराला बाहेरून कुलूप मी त्याआधी फक्त लग्नकार्यांत पाहिलं होतं. शेजारी खालाच्या ओट्यावर माझी ट्रंक होती, तिच्यावर येसराचा डबा, माझ्या कागदांची फाईल आणि कोरी चादर. ट्रंक तिनं कुणाकडून उचलून घेतली, हे मला आजही माहीत नाही. खालाच्या दारातून स्टोव्हचा आवाज येत होता. आत आई होती. तिनं खालाच्याच तव्यावर, खालाच्याच पिठाचे धपाटे लावले होते.

“हात धू,” ती म्हणाली.

“घरात जाऊन येते.”

“किल्ली नाय सापडत.” किल्ली तिच्या कमरेला होती, ती आम्हा तिघांनाही दिसत होती.

मी भांडले. ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझी पुस्तकं आत आहेत, माझा कंगवा आत आहे, मला माझ्या घरातून जायचंय, असं मी बरंच बोलले. आईनं धपाटा उलटला. कंगवा ट्रंकेत आहे, म्हणाली. मग आम्ही ओट्यावर बसून जेवलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. आईही जेवली. पहिला घास घेण्याआधी ती किंचित थांबली, तव्याकडे बघितलं आणि जेवली. खालाच्या घरचं अन्न तिनं त्याआधी कधी खाल्लं नव्हतं. हे मला तेव्हा दिसलं. त्याचं वजन कळायला रागामुळे जागा नव्हती.

जेवण झाल्यावर अण्णांनी सदऱ्यातून बटवा काढला आणि आईच्या हातावर ठेवला. आईनं गाठ सोडली, सुपारी आणि हळकुंड पदरात घेतलं, पासपोर्ट पुसला आणि माझ्या हातात दिला. “जा,” म्हणाली. ती स्टॅंडवर आली नाही. अण्णा आले.

व्हिसा मिळाला. कागद पुरे होते, अधिकाऱ्यानं दोन-तीन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. मी परत आले नाही. आठवडाभर मुंबईत एका मावसभावाकडे राहिले आणि तिथूनच गेले. पुढे नोकरीत असताना, एका धार्मिक पुरवणीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा, मी हा नियम तीन जाणकारांना विचारून पाहिला. ठेवलेली वस्तू घरात आणू नये, हे तिघांनीही सांगितलं. प्रवाशानं स्वतः आपल्या घरात शिरू नये, असं कुणीच सांगितलं नाही. तो नियम आईचा होता. मी गेले तेव्हा वाळूजला शेतं होती. परतले तेव्हा तिथे कारखाने होते आणि बजाजनगर वसत होतं. आता शहराचं नावही बदललं आहे. त्या काळाबद्दल लिहिताना मी औरंगाबादच लिहिते, कारण पासपोर्टवर तेच होतं.

तीन वर्षांनी मी रिक्षानं गल्लीत उतरले. आई आमच्या दारात उभी होती. केस बरेच पिकले होते. मी तिच्याकडे निघाले, तशी तिनं हात वर करून थांबवलं आणि पश्चिमेकडे बोट केलं.

“आधी तिकडं. जिथून निघालीस तिथं.”

खाला आपल्या ओट्यावर वाट बघत बसली होती. ती वाकली होती, पण मशीन अजून चालवत होती. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलांवर बोटं मोडली, आत नेऊन बसवलं आणि चहा ठेवला. माझी बॅग तिनं त्याच कोनाड्याखाली ठेवली. प्रवास चाळीस तासांचा झाला होता, पाय सुजले होते आणि मला माझ्या आईला भेटायचं होतं. खालानं अजिंठ्याच्या नातवाच्या गोष्टी सुरू केल्या. दारातून मला आमचा उंबरा दिसत होता आणि त्यावर आई. ती ना आत जात होती, ना इकडे येत होती. तिनं एकदा पदरानं तोंड पुसलं.

“झाला का गं चहा?” तिनं तिथूनच विचारलं.

झाला नव्हता. खालानं तो उकळता दिला होता, कपभर, वर साय. घाईनं पिता येत नव्हता.